शमीम आपांचं ऑनलाइन दुकान

शमीम आपांच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, मापं राहायची. रस्त्यात कुणी भेटलं की त्या आधी त्याच्या खांद्यांकडे बघायच्या, मग कॉलरकडे, आणि सवड मिळाली तर तोंडाकडे. एकदा मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले होते. काचेपलीकडचा साहेब चष्म्यावरून बघत "बोला" म्हणाला, तर आपा त्याला म्हणाल्या, "तू तर खाकी हाफपँटवाला. मागं ठिगळ लावून दिलं होतं तुला, सहावीला." साहेब आधी लाल झाला, मग हसला आणि त्याने चहा पाजून आमचं काम करून दिलं. अर्ध्या सोलापूरला आपण शाळेत धाडलं असं त्या म्हणायच्या. ते काही फार वाढवून सांगितलेलं नव्हतं.

विजापूर वेशीजवळच्या एका बोळात त्यांचा शाळेचे युनिफॉर्म शिवायचा कारखाना होता. कारखाना हा त्यांचा शब्द. प्रत्यक्षात एक लांबट खोली, वर पत्रा, भिंतीकडेला मशिनी आणि मधोमध कापड बेतायचं टेबल. टेबलावर कुणी चहाचा कप ठेवला तर त्या कप नव्हे, माणूसच उचलून बाहेर ठेवतील असं वाटायचं. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली, तेव्हापासून आपा आणि ती खोली.

युनिफॉर्मचा धंदा मोसमी. मार्चपासून जूनपर्यंत मशिनींना दम खायला फुरसत नाही, पुढे काही दिवस उरलंसुरलं, आणि दिवाळीनंतर खोलीला टाळं. टाळं लागलं की शिवणाऱ्या बायका पांगायच्या. त्यांच्यातली सुमन मोहोळकडची. तिच्यासारखा हात अख्ख्या जिल्ह्यात नाही असं आपांचं मत. ही सुमन थंडीत डाळिंबाच्या बागेत मजुरीला जायची आणि मार्चमध्ये परत यायची तेव्हा तिच्या बोटांना अशा चिरा पडलेल्या असायच्या की कापडाचे धागे त्यात अडकायचे. आपा तिचे हात हातात घेऊन बघायच्या आणि भडकायच्या. "हे मशिनीचे हात हायत. काट्यात कशाला घालायचे?" सुमन म्हणायची, "मग काय घरी बसू व्हय आपा? पोटाला काय घालू?" यावर आपा आणखी भडकायच्या. मशिनी बारा महिने चालल्या पाहिजेत, एवढा एकच ध्यास आपांना होता. बाकी कशाचं त्यांना फारसं पडलेलं नव्हतं.

आमच्यात त्या आल्या त्याही यासाठीच, कॉम्प्युटरवरून बाहेरगावचं काम मिळतं असं ऐकून. आमची एक मंडळी आहे, नाव 'धोटा'. मागावर इकडून तिकडे धागा नेणारा तो धोटा. कॉम्प्युटरचं जे ज्याला येतं ते त्याने दुसऱ्याला फुकट शिकवायचं, फुकट वापरता येणारी सॉफ्टवेअरं मराठीत आणायची, असा आमचा उद्योग. ना नफा, ना पगार, ना धड खुर्च्या. दर रविवारी एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही जमतो. मी कॉलेजात शिकवते, पण तिथे माझं काम मुख्यतः भांडणं सोडवणं. कारण चार हुशार माणसं एकत्र आली की पंखा किती नंबरवर ठेवायचा यावरही त्यांचे दोन पक्ष पडतात.

एका रविवारी पंचावन्नच्या पुढच्या एक बाई काळ्या बुरख्यात, हातात थर्मास घेऊन वर आल्या. "काय शिकायचंय?" असं आमच्या श्रीकांतने विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी बंद कसं करायचं ते शिकव. चालू तर कुणीबी करतंय." श्रीकांतला ते इतकं पटलं की तेव्हापासून तो प्रत्येक नव्या माणसाला पहिला धडा तोच देतो. माझ्याकडे आल्यावर आपांनी नमस्कार-बिमस्कार काही न करता माझ्या कुर्त्याची बाही उलटी केली, आतली शिवण बघितली आणि "फसवलं तुला," असं म्हणून थर्मासमधला चहा दिला. आमची ओळख झाली ती अशी. त्या दिवसापासून मी 'टीचर'.

शिकल्या मात्र झपाट्याने. पुढेपुढे तर नवीन येणाऱ्या बायकांना त्याच शिकवायच्या. त्यांची पद्धत एक. समोरच्याने चूक केली की "उसव" म्हणायच्या. कॉम्प्युटरवर केलेलं मागे घेता येतं, याचं त्यांना जन्मभराचं कौतुक वाटलं. "कापड कापलं की कापलं. हितं बघ, कापलेलं परत जोडून देतंय," असं त्या येईल त्याला दाखवायच्या.

दुकानाचा विषय श्रीकांतने काढला. श्रीकांतच्या घरी तेलुगू, ऑफिसात इंग्रजी, आमच्याशी मराठी आणि आपांशी दखनी. चारही भाषांत हट्टी. त्याचं म्हणणं, देशभरातल्या अशा मंडळ्या आपापल्या नावाचे टी-शर्ट, पिशव्या, कप विकतात. आपणही ऑनलाइन दुकान उघडू, त्यातून वर्गांचा खर्च निघेल, लोकांच्या अंगावर आपला धोटा दिसेल. झालं. ना नफा म्हणवणाऱ्यांनी विकावं का, यावर दोन महिने वाद. विकावं असं ठरल्यावर रंगावर वाद. मुलांना काळाच टी-शर्ट हवा होता, बाकीच्यांना पांढरा. जगभरातले प्रोग्रॅमर म्हणे काळाच घालतात.

"काळा?" आपा म्हणाल्या. "मे महिन्यात? सोलापुरात?"

"आपा, दुकान ऑनलाइन आहे. सगळीकडचे लोक घेणार."

"सगळीकडं ऊन न्हाय का?"

मग आपा उभ्या राहिल्या. सभेत त्या कधी उभ्या राहून बोलत नसत. म्हणाल्या, "रंग तुमचा घ्या. पण शिवायला माझ्याकडं द्या. शाळांचे पीटीचे टी-शर्ट आम्ही शिवतोच. मला दानधर्म नको, तसं कुणी करू बी नका. दिवाळी ते मार्च काम पायजे. माझ्या बायका बागेत जातात, त्या जायला नको. बस, एवढंच." आणि खाली बसून थर्मासचं झाकण घट्ट करत राहिल्या. कुणी हरकत घेतली नाही. रंग शेवटी राखाडी ठरला. काळ्यावाल्यांनाही तो आवडला नाही आणि पांढऱ्यावाल्यांनाही नाही, म्हणजे तडजोड झाली.

श्रीकांतने दुकानाचं पान बनवलं तेव्हा एक चकमक उडाली. त्याने टी-शर्टाच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'गरजू महिलांनी प्रेमाने शिवलेला'. आपांनी ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "गरजू कोण?"

"म्हणजे... सुमनताई वगैरे."

"शर्ट कुणाला पायजे?"

"गिऱ्हाइकाला."

"मग गरजू तो. काढ ते."

श्रीकांतने काढलं. तिथे काय लिहावं हे न सुचल्यामुळे त्याने नुसतं 'शिवण: सुमन, सोलापूर' असं टाकलं. सुमनला ते मोबाइलवर दाखवलं तर तिने तो मोबाइल पदराने पुसला आणि परत दिला. मग पुन्हा मागून घेतला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुकान उघडलं. नारळ फोडायला जागा नव्हती म्हणून पेढे. बटण आपांनी दाबावं असं सगळ्यांचं मत पडलं. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि दाबलं. दोन मिनिटांत टिंग वाजलं. पहिली ऑर्डर! पडद्यावर नाव बघतो तो, तीन खुर्च्या पलीकडे बसलेल्या एका पोराचं. आपा वळून त्याला म्हणाल्या, "अरे हितंच बसलायस, हातात घेऊन जा की! कुरिअरला कशाला पैसे?" तो म्हणाला, "आपा, पहिली ऑर्डर माझी पाहिजे होती." आपांचा जीव काही त्या कुरिअरमधून निघेना. शेवटी त्याचं पार्सल त्यांनी स्वतःच संध्याकाळी त्याच्या घरी नेऊन दिलं आणि त्याच्या आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेऊन आल्या.

ऑर्डरी येऊ लागल्या. पुणे, नागपूर, बंगळूर, कुठली कुठली गावं. बोळातली खोली दिवाळीनंतर उघडी आहे हे बघून शेजारचे लोक डोकावून जात. सुमन त्या वर्षी बागेत गेली नाही. आणि त्याहून मोठं काम दिसू लागलं होतं. देशातल्या सगळ्या मंडळ्यांचं वार्षिक संमेलन उन्हाळ्याआधी व्हायचं होतं, त्याचे टी-शर्ट आमच्याकडून घ्यायची बोलणी चालली होती. पहिले नग लोकांना कसे वाटतात ते बघून ते ठरवणार होते. हे काम मिळालं असतं तर मार्चपर्यंत सगळ्या मशिनींना उसंत नव्हती. आपांनी बायकांना सांगूनही टाकलं होतं, यंदा कुणी कुठं जायचं नाही.

मग फोटो यायला लागले. पुण्याच्या एका किडकिडीत मुलाने टी-शर्ट घालून आरशासमोर काढलेला फोटो पाठवला. बाह्या कोपराखाली, खालची कड मांडीवर. खाली लिहिलं होतं, 'यात माझा रूममेटपण मावतो.' मग बंगळूरहून तसाच. मग नागपूरहून. आम्ही हबकलो. श्रीकांत टी-शर्ट घेऊन मापाला बसला. एम लिहिलेला टी-शर्ट एलच्या वर, आणि खाली चांगली चार बोटं दुमड. तो आपांकडे धावला. मीही मागोमाग गेले.

आपांनी टी-शर्ट टेबलावर पसरला, दुमड बोटांनी उलगडली आणि सुमनकडे बघितलं. सुमन मशीन थांबवून म्हणाली, "मग? दुमड तर ठेवतोयच की आपण. पोरं वाढत्यात."

तेवढ्यात सगळं कळलं. त्या खोलीत वर्षानुवर्षं शाळेच्या पोरांचे कपडे शिवले गेले होते. सोलापुरातली कुठलीही आई युनिफॉर्म घ्यायला आली की एक नंबर मोठाच मागते, आणि खाली दुमड आहे ना ते बघते. जूनमध्ये घेतलेला कपडा पुढच्या वर्षीही पुरला पाहिजे. त्यामुळे बेतणारी एक नंबर वाढवूनच बेतायची आणि शिवणारी दुमड ठेवूनच शिवायची. कुणी सांगायला लागायचं नाही. तिशी-चाळिशीतल्या, नोकरीवाल्या, पोट सुटलेल्या देशभरच्या प्रोग्रॅमरांना या बायकांनी अगदी प्रामाणिकपणे वाढायला जागा ठेवली होती.

श्रीकांतला हसू आवरेना. मलाही. पण आपा हसल्या नाहीत. "कापड जास्तच दिलं. कमी तर न्हाय ना दिलं?" असं एकदा पुटपुटल्या आणि स्टुलावर बसल्या. पाठोपाठ संमेलनवाल्यांचा निरोप आला. फार सभ्य भाषेत होता. काम त्यांनी दक्षिणेतल्या एका मोठ्या कारखान्याला दिलं होतं. मला त्यांचा राग आला. खरं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं, तरी आला.

त्यानंतरचे दोन रविवार आपा आल्या नाहीत. वर्ग सुना वाटत होता. चहा बाहेरून मागवावा लागला आणि तो कुणाला आवडला नाही. तिसऱ्या रविवारी त्या आल्या, गळ्यात मापाचा टेप. आल्या आल्या श्रीकांतला म्हणाल्या, "सगळ्यांना फोन केला मी."

"कुणाला?"

"ज्यांनी ज्यांनी घेतला त्यांना. परत पाठवा म्हटलं, बरोबर करून देते. काही जण बोलले, असू द्या, झोपताना घालतो. चांगले लोक हायत."

श्रीकांतचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आपा, गिऱ्हाइकांचे नंबर असे वापरायचे नसतात. आपला नियमच आहे. त्यांनी ते कुरिअरसाठी दिलेत."

"चूक माझी, मग फोन कोण करणार? कुरिअरवाला?"

नियम आम्हीच केलेला आणि नियम बरोबरच. त्यावर तासभर वाद झाला. शेवटी असं ठरलं की यापुढे ऑर्डर देतानाच विचारायचं, आपांनी फोन केला तर चालेल का. आपांना हे विचारणं म्हणजे पोरखेळ वाटला, पण त्यांनी मान्य केलं. आणि मग त्यांनी आपलं खरं म्हणणं मांडलं. फोनवर बोलताना एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. निम्म्या लोकांना कुठलाच तयार टी-शर्ट नीट बसत नव्हता. कुणाचे हात लांब, कुणाचं पोट पुढे, एक बाई म्हणाली की सलवारीवर घालायला लांब हवा. "तुमचं ते एस, एम, एल काढून टाका," आपा म्हणाल्या. "लोकांना टेप घ्यायला सांगा आणि माप लिहायला सांगा. ज्याचं त्याचं माप, ज्याचा त्याचा शर्ट."

कुणी तरी म्हणालं, असं दुकान चालत नाही. आपा म्हणाल्या, "तसलं तरी कुटं चाललं?"

श्रीकांतने दुकानाचं पान मोडून पुन्हा बांधलं. माप कसं घ्यायचं याचा व्हिडिओ केला. त्यात आपा श्रीकांतची छाती मोजतात आणि मधेच "श्वास सोड रे, फुगू नक्को" म्हणून त्याला चापट मारतात. चापट कापून टाकावी असं त्याचं मत होतं. आम्ही टाकू दिली नाही. मला वाटतं, त्या चापटीनेच निम्मी गिऱ्हाइकं आणली.

गिऱ्हाइकं थोडी, पण थांबेनात. केरळातला एक ताडमाड मुलगा. एक हात जन्मतःच आखूड असलेले मुंबईचे गृहस्थ, ज्यांनी आयुष्यभर एक बाही दुमडून घातली होती. आणि इंदूरची एक मुलगी. चाकाच्या खुर्चीत बसून काम करणारी. तिने लिहिलं होतं, बसल्यावर टी-शर्ट पुढे गोळा होतो आणि मागून पाठ उघडी पडते. आपांनी तिला फोन केला, तो बराच वेळ चालला. मग दोन दिवस त्या स्वतः स्टुलावर बसून राहिल्या. पाणी हवं तरी सुमनला आणायला लावायच्या. बसलेल्या माणसाचा कपडा कुठे ओढतो ते बघत होत्या. तिसऱ्या दिवशी पाठ लांब, पोट आखूड आणि बगलेत जादा पट्टी असा टी-शर्ट बेतला. आधी एक बिघडला, दुसरा जमला. मुलीने फोटो पाठवला तो आपांनी बघितला आणि "बसलाय," एवढंच म्हणाल्या. पण तो फोटो श्रीकांतकडून मोठा छापून घेतला आणि टेबलासमोरच्या भिंतीवर लावला. तसल्या ऑर्डरी मग आणखी आल्या. त्या मुलीने आपल्या ओळखीत सांगितलं असावं.

सगळ्या मशिनींना पुरेल एवढं काम नव्हतं, हे मी लपवत नाही. आपांनी पाळ्या लावल्या. आज या दोघी, उद्या त्या दोघी. कुणालाही पूर्ण हजेरी नव्हती, पण बागेतही कुणी गेलं नाही. गड्ड्याची यात्रा भरली तेव्हा सगळ्या बायकांना घेऊन आपा पाळण्यात बसल्या. पाळणा वर गेल्यावर त्या जोरात ओरडल्या, असं सुमन सांगते. "लई ओरडल्या. मी म्हटलं आपा, आता तर बारा महिने काम हाय, आता कशाला घाबरता?" आपा म्हणे म्हणाल्या की म्हणूनच घाबरतेय.

पुढच्याही वर्षी दिवाळीनंतर टाळं लागलं नाही. पण आपांना त्या थंडीत जिना चढताना धाप लागू लागली. रविवारी वर आल्या की पहिली दहा मिनिटं नुसत्या बसून राहायच्या आणि आपण समोरच्याची शिवण बघतोय असं दाखवायच्या. डॉक्टरांनी हृदयाची झडप सांगितली. मुलीने हैदराबादला बोलावून घेतलं, ऑपरेशन तिथेच करायचं ठरलं. निघण्याआधी आपांनी कारखान्याच्या किल्ल्या सुमनकडे दिल्या आणि दुकानाचा पासवर्डही. पासवर्ड असा कुणाला सांगायचा नसतो, हे श्रीकांतने त्यांना शंभरदा शिकवलं होतं. या वेळी त्यानेच सुमनला शेजारी बसवून सगळं दाखवलं.

हैदराबादहून त्या परत आल्या नाहीत. ऑपरेशन नीट झालं असं जावयाने कळवलं होतं. मग ताप आला, आणि तो उतरला नाही. मला अजून अधूनमधून, एखाद्या दुकानात कपडा हातात घेतला की, त्यांना विचारावंसं वाटतं. मग आठवतं आणि फार वाईट वाटतं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते स्टेशनवर. फेब्रुवारी होता, दुपारची गाडी. जावई न्यायला आला होता, तो वर बॅगा लावत होता. आपा खिडकीशी बसल्या होत्या, अंगाने निम्म्या झालेल्या. मी बाहेर उभी राहून औषधांचं, डब्याचं, काय काय बोलत होते. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी फोन लावला होता.

"सुमे, कारखान्यात हायस का? बोलू नको काही. फोन मशिनीजवळ ठेव. ठेव की ग."

मग फोन कानाला लावून ऐकत राहिल्या. थोड्या वेळाने खिडकीतून हात बाहेर काढून फोन माझ्या कानाला लावला. आत नुसता घरघराट होता. दोन मशिनी असाव्यात, कदाचित तीन. मधेच सुमन कुणावर तरी खेकसली, आणि पुन्हा घरघराट. ऐन फेब्रुवारीत.

"ऐकलंस?" आपा म्हणाल्या.

"ऐकलं."

गाडी हलली. त्यांनी फोन परत आपल्या कानाला लावला आणि डोळे मिटून घेतले. मी खिडकीबरोबर चालत, मग जवळजवळ पळत, "पोचलात की कळवा, आपा! जिवाला जपा!" असं ओरडत होते. आपांनी डोळे उघडले नाहीत. मोकळा हात वर केला आणि मला गप्प बसायची खूण केली.